क्लायमेट मॉडेलमधली चक्रीवादळं आणि मराठवाडा: मार्ग कितपत खरे धरायचे?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

जिल्ह्याच्या हवामान आराखड्यासाठी एक नकाशा हाताशी आलाय. १९५० ते २०५० अशी शंभर वर्षं चालवलेल्या एका मॉडेलमधली सगळी चक्रीवादळं त्यावर रेघांनी काढली आहेत. बंगालच्या उपसागरात रेघांचा नुसता गुंता. किनारा ओलांडला की शे-दोनशे किलोमीटरवर रेघा तुटतात आणि धाराशिव, लातूर, बीड, नांदेड कोरे करकरीत. खाली शेरा: 'चक्रीवादळाचा धोका नगण्य'.

ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२१, दोन्ही वेळी इथं जे पाणी झालं ते उपसागरातून आलेल्या प्रणालींचंच होतं. मग चूक मॉडेलची की नकाशा काढणाऱ्याची? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. 'सगळी मॉडेलं बोगस' छाप प्रतिसादांसाठी दुसरे धागे आहेत, तिथं जागा भरपूर आहे.

दाब_९९६

दोघांचीही, पण जास्त नकाशा काढणाऱ्याची.

आधी एक गल्लत दूर करू. हवामान खात्याचा अंदाज आज मोजलेल्या हवेपासून सुरू होतो. क्लायमेट मॉडेलला असा 'आज' नसतो. त्याला सूर्यप्रकाश, हरितगृह वायू, धूलिकण आणि काही प्रयोगांत समुद्राचं तापमान एवढंच दिलेलं असतं. रोजची हवा ते स्वतः घडवतं. म्हणून मॉडेलमधल्या २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' चक्रीवादळ शोधू नये, सापडणार नाही. विचारायचं ते एवढंच, की तीस-चाळीस वर्षांत वादळं कुठं जन्मली, कोणत्या महिन्यात, कुठं वळली, किती वेगानं सरकली, आणि हे सगळं एकत्र पाहिलं तर नोंदींशी जुळतं का.

मार्गापुरतं मॉडेलांची बाजू बरीच भक्कम आहे, कारण वादळाला सरकवतात ते भोवतालचे वारे. साधारण ८५० ते २०० हेक्टोपास्कल (म्हणजे दीड ते बारा किलोमीटर उंची, इथं ती हवेच्या दाबात सांगतात) या जाड थरातली सरासरी हवा जिकडे वाहते तिकडे वादळ जातं. उपोष्ण उच्च दाबाच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असलं की पश्चिमेकडे, त्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाशी पोचलं की उत्तरेकडे, आणि मग ईशान्येला वळतं. हे पट्टे हजार-दोन हजार किलोमीटर पसरलेले असतात, त्यामुळे १०० किमीच्या जाळीतही (मॉडेल हवेचे चौकोन पाडतं, एका चौकोनाची रुंदी १०० किमी) नीट उमटतात. यात वादळाची स्वतःची वायव्येकडची चाल मिळवायची, जिला बीटा ड्रिफ्ट म्हणतात: सेकंदाला १ ते ३ मीटर. ही चाल वादळाच्या बाहेरच्या घेराच्या आकारावर ठरते. भरड जाळीत वादळं फुगलेली निघतात, म्हणून ती वायव्येकडे जरा जास्तच सरकू शकतात.

तीव्रतेचं गणित वेगळं. ती ठरते डोळ्याभोवतीच्या तीस-पन्नास किलोमीटरमध्ये, आणि तिथं जाळी पोचत नाही. अंदाजांतही हाच फरक दिसतो. २०१२ चं 'सँडी' ग्रीनलंडकडच्या अडून बसलेल्या उच्च दाबामुळे डावीकडे वळून न्यू जर्सीवर गेलं. ते वळण युरोपियन केंद्राच्या मॉडेलनं आठवडाभर आधी दाखवलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकापुल्कोवर आलेलं 'ओटिस' साध्या वादळापासून पाचव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीपर्यंत एका दिवसात गेलं, ते मात्र मॉडेलांच्या हाती लागलं नाही.

माजलगावकर

सर, मग जाळी बारीक केली की प्रश्न मिटला ना?

ग्रिडपॉइंट

अर्धाच मिटतो दादा.

सीएमआयपी-६ (जगभरातली क्लायमेट मॉडेलं एकाच नियमांनी चालवलेला संच) मधली बहुतेक मॉडेलं १०० ते २५० किमी जाळीची. त्यात उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, त्याची वातावरणाची जाळी साधारण २०० किमी. मराठवाड्याचं क्षेत्रफळ ६४ हजार चौरस किलोमीटरच्या घरात. म्हणजे आठही जिल्हे मिळून दीड चौकोन! हायरेसएमआयपी नावाचा जो वेगळा संच आहे त्यात २५ ते ५० किमीची मॉडेलं आहेत, १९५० ते २०५० हा कालखंड त्यांचाच. धागाकर्त्यांचा नकाशा बहुधा तिथलाच असावा. २५ किमीला मराठवाड्यात शंभरेक चौकोन पडतात. पण मॉडेल जे खरोखर 'पाहतं' ते जाळीच्या पाच-सात पट मोठं असावं लागतं. म्हणजे सव्वाशे-पावणेदोनशे किमीपेक्षा लहान काहीही पुसट.

अटलांटिकमध्ये यावर सगळ्यात जास्त काम झालंय. १०० वरून २५ किमीवर आलं की हरिकेनांची (तिकडच्या जोरदार चक्रीवादळांची) संख्या वाढून नोंदींच्या जवळ येते, मार्गांची दाटी योग्य ठिकाणी पडते, आणि समुद्राचं खरं तापमान दिलं तर एखादं वर्ष जास्त वादळांचं की कमी हेही बरंचसं जुळतं. चौथ्या-पाचव्या श्रेणीची वादळं मात्र २५ किमीलाही बहुतेक मॉडेलांना जमत नाहीत.

आता उरलेला अर्धा. समुद्र आणि हवा दोन्ही जोडून चालवलं की उत्तर अटलांटिक बऱ्याच मॉडेलांत खऱ्यापेक्षा थंड पडतो, वादळं कमी होतात आणि जन्मस्थानंही सरकतात. इथं खरी मेख आहे. मार्गाची चूक दोन ठिकाणांहून येते: वाहून नेणारे वारे चुकले, किंवा वारे बरोबर पण वादळ भलत्या जागी जन्मलं. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांपाशी जन्मलेलं आणि कॅरिबियनमध्ये जन्मलेलं वादळ एकाच वाऱ्यांत सोडलं तरी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर जातं. नकाशा पाहून 'मार्ग चुकला' म्हणणं सोपं, पण चूक कशाची ते कळायला जन्माचा नकाशा वेगळा आणि सरकण्याच्या दिशेचा वेगळा काढावा लागतो. हे फार थोडे लोक करतात.

तेरणाकाठ

आणि आपल्या उपसागरात?

दाब_९९६

उपसागर अटलांटिकपेक्षा अवघड. एक म्हणजे जागा लहान: वादळाला जन्मून किनाऱ्याला टेकायला तीन-चार दिवस मिळतात, तेवढ्यात जन्मस्थानाची चूक भरून निघत नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे, त्यामुळे उंचीनुसार वाऱ्यात एवढा फरक पडतो की वादळाचा गाभा उभाच राहत नाही. ज्या मॉडेलचा मान्सून दुबळा, त्यात हा फरकही दुबळा, आणि मग ते जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा चक्रीवादळं काढतं. पहिली चाचणी म्हणूनच महिन्यांचा आलेख. दोन शिखरं दिसली नाहीत तर मार्गाचा नकाशा उघडूसुद्धा नये.

मराठवाड्यासाठी महत्त्वाची खिडकी म्हणजे आंध्र-ओडिशा किनाऱ्यावरचा काकीनाडा ते गोपाळपूर हा पट्टा, साधारण १७ ते १९ अंश उत्तर. तिथून आत शिरलेली प्रणाली तेलंगणावरून सरळ पश्चिमेला आली तर आपल्यावर येते. जन्मस्थान दोन-तीन अंश दक्षिणेला सरकलं की दक्षिण आंध्र. आणि वाऱ्यातली चूक किती महागात पडते ते पाहा: सेकंदाला फक्त १ मीटर, तीन दिवस, झाले २६० किमी. लातूरवरून जायचं केंद्र अकोल्यावरून जातं.

बालाघाट_डोंगर

लई ठिकाणी वाचलं की वादळं आता हळू चालूलालेत, म्हणून एकाच जागी जास्त पाऊस पडूलालाय. मॉडेलात हे दिसतंय का?

दाब_९९६

२०१८ साली अमेरिकी संशोधक कॉसिन यांचा निष्कर्ष आला की १९४९ ते २०१६ या काळात जगभरातल्या वादळांचा सरकण्याचा वेग सरासरी १० टक्क्यांनी घटला. त्यावर लगेच आक्षेप आले: उपग्रह येण्याआधी भर समुद्रातली, वेगानं जाणारी वादळं नोंदलीच जात नव्हती किंवा अर्धवट नोंदली जात होती, त्यामुळे घट काही अंशी नोंदींमुळेच भासते. मॉडेलांतही जगभर सारखी घट दिसत नाही. त्याच संशोधकांचं २०१४ चं काम जास्त टिकलंय: वादळं कमाल तीव्रता गाठतात ती जागा उत्तर गोलार्धात दर दशकाला सुमारे ५३ किमी ध्रुवाकडे सरकली आहे. पण हे वायव्य पॅसिफिकमध्ये जास्त ठळक. उपसागराला वर जमीनच आहे, सरकणार कुठं? त्यामुळे ते सूत्र इथं लावू नये.

पाऊस वाढण्याचं कारण शोधायला वेगाची गरजही नाही. हवा १ अंशानं तापली की ७ टक्के जास्त बाष्प धरते, हा भाग सगळ्या मॉडेलांत आहे.

ग्रिडपॉइंट

मूळ प्रश्नाकडे येते. रेघा किनाऱ्यावर का तुटतात? मॉडेल आपणहून 'हे बघा चक्रीवादळ' असं सांगत नाही. ते दर सहा तासांना दाब, वारे, तापमान यांचे आकडे देतं. त्यातून वादळ शोधणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. टेम्पेस्टएक्स्ट्रीम्स घ्या, त्याच्या नेहमीच्या अटी अशा:

समुद्रसपाटीच्या दाबाचा तळबिंदू शोधायचा. त्याच्याभोवती ५.५ अंशांच्या आत दाब सगळ्या बाजूंनी किमान २ हेक्टोपास्कलनं चढला पाहिजे. गाभा उबदार पाहिजे, म्हणजे ३०० आणि ५०० हेक्टोपास्कलमधली जाडी केंद्रापासून ६.५ अंशांच्या आत किमान ६ मीटरनं उतरली पाहिजे. मग हे बिंदू जोडायचे: सहा तासांत ८ अंशांहून लांब उडी नको, मध्ये २४ तासांपेक्षा जास्त खंड नको, एकूण आयुष्य किमान ५४ तास. वर आणखी तीन अटी, प्रत्येकी किमान १० नोंदींपुरत्या: वारा सेकंदाला १० मीटर किंवा जास्त, अक्षांश ५० च्या आत, आणि जमिनीची उंची १५० मीटरपेक्षा कमी.

आता यात 'गुलाब' बसवून पाहा. डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची, कमी जोराची पायरी) झाल्यापासून कलिंगपट्टण-गोपाळपूरच्या मध्ये किनारा ओलांडेपर्यंत जेमतेम दोन दिवस. सखल जागेवरच्या १० नोंदी म्हणजे ५४ तास. डिप्रेशनपूर्वीचा कमी दाब सॉफ्टवेअरनं पकडला तर ठीक, नाहीतर अख्खं वादळ यादीतून बाद. यादीत टिकलं तरी तेलंगणाच्या पुढे दाबाचा खड्डा २ हेक्टोपास्कलचा राहत नाही, रेघ तिथं संपते. प्रत्यक्षात तेच अवशेष मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरले, 'शाहीन' झाले आणि ३ ऑक्टोबर २०२१ ला ओमानला धडकले. मधल्या दिवसांत मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले.

म्हणजे नकाशा खोटं बोलत नाही. 'जोरदार वाऱ्याची प्रणाली इथं येत नाही' एवढंच तो सांगतो. वर शेरा मारणाऱ्यानं त्याचा अर्थ 'पाणी येत नाही' असा लावला.

दाब_९९६

यात पठाराची भर घाला. समुद्रसपाटीचा दाब इथं मोजलेला नसतो, काढलेला असतो. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर. जमिनीखाली नसलेली हवा गृहीत धरून दाब खाली आणताना दुपारच्या तापलेल्या हवेमुळे खोटे खड्डे पडतात. एप्रिल-मेमध्ये दाबावर चालणारं सॉफ्टवेअर अशा उष्ण कमी दाबांमागे लागतं. उंचीची अट त्यासाठीच आहे, चुकून घातलेली नाही. ती काढून टाकली की गुलाब मिळेल, पण सोबत कचराही येईल.

उपाय दाबाऐवजी भोवऱ्यावर (हवा किती गरगरते त्यावर) चालणारी पद्धत. ट्रॅक नावाचं जुनं सॉफ्टवेअर आहे, ते ८५० हेक्टोपास्कलच्या आसपासचा भोवरा आधी गाळून घेतं, बारीक खळबळ काढून टाकतं, आणि प्रणाली जन्मापूर्वीच्या लाटेपासून जमिनीवर विरेपर्यंत पाठलाग करतं. उबदार गाभ्याची चाचणी नंतर, आणि तीही समुद्रावरच्या एखाद्या दिवसापुरती. रेघ पठारावर तुटत नाही. आपल्या कामाला हीच घ्यावी.

किनवट_रान

पण मग मान्सूनची डिप्रेशनही त्यात येणार. ती चक्रीवादळं नव्हेत.

दाब_९९६

नव्हेतच, पण मराठवाड्याच्या आराखड्याला तीही हवीतच. हवामान खात्याच्या वर्गवारीत वाऱ्याचा वेग १७ ते २७ नॉट (१ नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किमी) असेल तर डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, आणि ३४ पासून पुढे चक्रीवादळ. ऑक्टोबर २०२० ला १३ तारखेला काकीनाड्याजवळून आत आलेली प्रणाली डीप डिप्रेशनच होती, तिला नावसुद्धा मिळालं नाही. हैदराबाद बुडवून ती उत्तर कर्नाटक, सोलापूर, धाराशिव करत अरबी समुद्रात गेली. ३४ नॉटची चाळणी लावली की ती गायब.

पावसाळी डिप्रेशनमध्ये आणखी एक गोम आहे. सगळ्यात जास्त पाऊस केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. रेघ विदर्भ-मध्य प्रदेशावरून जाते आणि पाणी आपल्याकडे. म्हणजे मॉडेलनं रेघ दोनशे किमी उत्तरेला सरकवली तर नकाशावर फरक मामुली दिसेल, मराठवाड्याच्या पावसात मात्र ओला-कोरडा एवढा फरक पडेल.

माजलगावकर

घरी करून बघायचं असेल तर किती डेटा लागतो? ऑफिसच्या लॅपटॉपवर होईल का?

ग्रिडपॉइंट

होईल. आधी मॉडेल घेऊ नका, ईआरए-५ घ्या. ती मोजमापांवर बेतलेली हवा आहे, जाळी पाव अंशाची. सॉफ्टवेअर तिच्यावर नीट चाललं तरच मॉडेलला हात लावायचा.

चौकट ० ते ३० उत्तर, ४० ते १०० पूर्व अशी घेतली तर १२१ गुणिले २४१ म्हणजे २९ हजार बिंदू. सहा तासांनी एक, वर्षाला १४६० नोंदी, एका घटकाला सुमारे १७० एमबी. समुद्रसपाटीचा दाब, १० मीटरवरचे दोन वारे, ८५० चे दोन वारे, ३०० आणि ५०० ची उंची असे सात घटक: वर्षाला १.२ जीबी, ४० वर्षांना ५० जीबीच्या आत. पण चौकट एवढी घट्ट घेऊ नका. दक्षिणेला १० अंश दक्षिणपर्यंत न्या, नाहीतर विषुववृत्ताजवळ '५.५ अंशांच्या आत' ही अट काठाला आपटते. पूर्वेला १२० पर्यंत न्या, कारण व्हिएतनाम-थायलंड ओलांडून आलेले अवशेष उपसागरात पुन्हा जोर धरतात; १०० वर कापलं तर त्यांचा जन्म अंदमानजवळ झाल्यासारखा दिसतो. डेटा साधारण दुपटीनं वाढेल, वाढू द्या.

नेहमी फसायच्या जागा दोन. ईआरए-५ मध्ये उंचीच्या जागी जिओपोटेन्शियल (उंची गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८) असतं, मीटर नव्हे. ६ मीटरची अट तिथं ५८.८ होते. भागायला विसरलात तर अट जवळपास दहापट ढिली, आणि समुद्रभर वादळंच वादळं. दुसरी जागा कॅलेंडर. हॅडजीईएम-३ या ब्रिटिश मॉडेलचं वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना ३० चा. दुसऱ्या काहींत लीप वर्ष नाही. तारखा सरळ मोजून तुलना केली तर वर्षागणिक हंगाम सरकत जातो आणि दोन शिखरं एकमेकांत मिसळतात.

पडताळणीला आयबीट्रॅक्स या जगभरच्या वादळांच्या यादीपेक्षा आपल्याला हवामान खात्याचा सायक्लोन ई-ॲटलस जास्त कामाचा, त्यात १८९१ पासूनची वादळंच नव्हे तर डिप्रेशनही आहेत. वाऱ्याची तुलना करताना मात्र जपून: आपलं खातं ३ मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकी केंद्रं १ मिनिटाची. अमेरिकी आकडे नेहमी चढे दिसणार.

बालाघाट_डोंगर

आन् दोन-चार वादळं कमी-जास्त झाली तर मॉडेल नापास धरायचं का?

दाब_९९६

नाही. समजा ३५ वर्षांत आपल्या पट्ट्यातून १० प्रणाली जायला हव्यात. १० चं वर्गमूळ ३.२, म्हणजे निव्वळ योगायोगानं ७ किंवा १३ सहज येऊ शकतात. मॉडेलनं ७ दिल्या म्हणून ते चुकलं असं म्हणता येत नाही, आणि १० दिल्या म्हणून पासही नाही. म्हणूनच एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या सुरुवातीच्या चार-पाच आवृत्त्या एकत्र मोजतात. एका धावेचा नकाशा पुराव्यादाखल आला तर बाजूला ठेवावा.

किनवट_रान

दहा हजार वर्षांची वादळं संगणकावर काढतात, ते स्टॉर्म नावाचं काय आहे? विमावाले त्याचा दाखला देतात.

ग्रिडपॉइंट

ती कृत्रिम वादळं. नोंदींतून जन्मदर, सरकण्याची दिशा, दाबातली घट यांची आकडेवारी काढायची आणि तीवरून हजारो वर्षांचे मार्ग तयार करायचे. अमेरिकी संशोधक एमॅन्युएल यांची पद्धत याहून वेगळी: समुद्रावर बीजं पेरायची, मॉडेलच्या वाऱ्यांत ती वाहू द्यायची, त्यावर बीटा ड्रिफ्ट मिळवायचा, बहुतेक बीजं मरतात, उरतील ती वादळं. किनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या धोक्याला दोन्ही उत्तम. जमिनीवर मात्र दोन्हींत वादळ विझतच जातं. ओल्या जमिनीवर प्रणाली तग धरते, सप्टेंबरअखेर काळी माती तुडुंब भिजलेली असते, याचा त्यात पत्ता नाही. सोयाबीनच्या विम्यासाठी हा दाखला कुणी पुढे केला तर वाऱ्याचा आकडा आहे की पावसाचा, एवढं विचारा. पुढचं बोलणं आपोआप आटोपतं.

तेरणाकाठ

मग आराखड्यात लिहू काय? अधिकाऱ्यांना चार ओळी हव्या असतात.

दाब_९९६

'चक्रीवादळाचा धोका नगण्य' खोडा. त्याजागी: चक्रीवादळी वाऱ्याचा धोका कमी, उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींच्या पावसाचा धोका वेगळा मोजला आहे. मोजायचा असा: १७.५ ते २०.५ उत्तर, ७४.५ ते ७८.५ पूर्व ही चौकट. भोवऱ्याच्या पद्धतीनं मिळालेलं केंद्र चौकटीत किंवा तिच्या उत्तरेला ३०० किमीच्या आत असेल ते दिवस वेगळे काढायचे. त्या दिवसांचा तीन दिवसांचा एकत्रित पाऊस घ्यायचा, आणि तो हवामान खात्याच्या पाव अंशाच्या पावसाच्या नोंदींशी ताडायचा. त्या १९०१ पासून आहेत. मॉडेलं किमान पाच-सहा, सगळी ५० किमी किंवा त्याहून बारीक, आणि दोन शिखरांच्या चाचणीत उतरलेली. २०५० चा आकडा एक देऊ नका, मॉडेलांचा पल्ला द्या. जून ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर वेगळे ठेवा. एकत्र केलेत की पावसाळी डिप्रेशनच्या गर्दीत ऑक्टोबरच्या दोन-चार घातक प्रणाली दिसेनाशा होतात.

माजलगावकर

पठारावर ८५० हेक्टोपास्कल चालेल का? जमिनीत नाही ना जात?

ग्रिडपॉइंट

चालेल. बीड-लातूरला जमिनीवरचा दाब ९४०-९५० च्या आसपास असतो, ८५० त्याच्यावर ९०० ते १००० मीटर राहतं. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र ते जमिनीला टेकतं आणि तिथं भोवऱ्याचे आकडे बिघडतात. चौकटीची पश्चिम कड ७४.५ च्या आणखी पश्चिमेला नेऊ नका ती त्यासाठीच.